मालेरीची हाडे आणि मगरीचा वंशवृक्ष

हैदराबादच्या नौबत पहाडावर बिर्ला विज्ञान केंद्र आहे. तिथल्या डायनोसॉर दालनात कोटासॉरस यामनपल्लीएन्सिस या प्राण्याचा सांगाडा उभा आहे. शाळांच्या सहली येतात, मुले माना वर करून पाहतात, फोटो निघतात. हा सांगाडा एकाच जनावराचा नाही, हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात येते. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या यामनपल्ली गावाजवळ भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने खोदकाम केले, तेव्हा किमान बारा जनावरांची मिळून ८४० हाडे निघाली. त्यांतून निवडून एक देह जुळवला गेला. पी. यादगिरी यांनी १९८८ मध्ये त्याला नाव दिले. यात लपवाछपवी काहीच नाही. सगळी हाडे एकाच थरातली आणि एकाच जातीची आहेत, अशी खात्री करूनच हे काम झाले.

पण ही खात्री करून घेणे हेच जीवाश्मांच्या अभ्यासातले सर्वांत अवघड काम आहे. एकोणिसाव्या शतकात, याच खोऱ्यातल्या हाडांच्या बाबतीत, ते नीट झाले नाही. त्या वेळी उत्क्रांतिवाद नुकताच मांडला गेला होता, त्याला पुराव्यांची निकड होती आणि प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यातून लंडन-कलकत्त्याला पोहोचलेली हाडे त्या पुराव्यांत जमा होत होती. त्या हाडांवर उभे राहिलेले काही निष्कर्ष पन्नास वर्षांत कोसळले, काहींना शंभर वर्षे लागली. उत्क्रांतीच्या इतिहासातल्या चुका म्हटल्या की पिल्टडाउनच्या बनावट कवटीची गोष्ट सांगितली जाते. मला ती फारशी महत्त्वाची वाटत नाही, कारण ती लबाडी होती. प्रामाणिक माणसे, चांगल्या बुद्धीची माणसे, हातात खरी हाडे असताना कशी चुकली, हे जास्त शिकण्यासारखे आहे, आणि त्यासाठी इंग्लंडला जायची गरज नाही. मालेरी आणि कोटा ही दोन गावे पुरेशी आहेत.

मालेरी आसिफाबादच्या परिसरात, म्हणजे आजच्या तेलंगणात. कोटा प्राणहितेच्या डाव्या तीरावर, गडचिरोली जिल्ह्याच्या सिरोंचा तालुक्यात. आज मध्ये राज्याची सीमा आहे, पण १८६० पर्यंत सिरोंचाचा मुलूखही निजामाकडे होता. त्यामुळे जुन्या इंग्रजी लेखांत दोन्ही ठिकाणे कधी ‘हैदराबाद’, कधी ‘दख्खन’, तर कधी नुसतेच ‘नागपूरच्या दक्षिणेला’ अशी नोंदलेली सापडतात. १८५१ मध्ये कोट्याच्या चुनखडकातला एक मासा लंडनला पोहोचला. तो तिथल्या भूवैज्ञानिक संस्थेपुढे मांडला कर्नल साइक्स याने. पुण्याच्या आसपासच्या पक्ष्यांची पहिली शास्त्रीय यादी करणारा तोच हा साइक्स. फिलिप एजर्टनने माशाला लेपिडोटस डेक्कनेन्सिस असे नाव दिले. तसे मासे युरोपात ज्युरासिक काळाच्या सुरुवातीच्या खडकांत सापडत, म्हणून कोट्याचे खडकही त्याच काळाचे ठरले. तो अंदाज बरोबर होता. घोटाळा मालेरीपासून सुरू झाला.

नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजचे नाव महाराष्ट्राला ठाऊक आहे. ज्याच्यावरून ते पडले तो स्टीफन हिस्लॉप हाडाचा संशोधक होता, हे तितकेसे ठाऊक नाही. स्कॉटलंडचा हा मिशनरी १८४४-४५ च्या सुमारास नागपूरला आला आणि सहकारी रॉबर्ट हंटर याच्यासोबत धर्मप्रचाराच्या फेऱ्यांत दगड गोळा करू लागला. दोघांचा नागपूर परिसराच्या भूविज्ञानावरचा निबंध १८५५ मध्ये लंडनला छापला गेला. त्याच वर्षी मांगलीच्या वाळूखडकात मिळालेल्या उभयचराच्या कवटीला रिचर्ड ओवेनने ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स हे नाव दिले. हिस्लॉपचा शेवट ४ सप्टेंबर १८६३ रोजी झाला. टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना बोरी नदीच्या पुरात तो बुडाला. त्याच्या हयातीत जमा झालेल्या मालेरीच्या संग्रहावर पुढची पंचवीस वर्षे इंग्लंड-कलकत्त्यात काम चालले.

त्या संग्रहातले दात आधी पाहू. मालेरीच्या लाल मातीत पंख्यासारख्या कंगोऱ्यांचे जाडजूड दंतपट्ट मिळतात. युरोपात तसे दंतपट्ट आधीच मिळाले होते. लुई अगासी या जीवाश्म माशांच्या सर्वांत मोठ्या जाणकाराने १८३० च्या दशकात त्यांना सेराटोडस नाव देऊन शार्कांच्या गटात टाकले होते. त्याच्यासमोर फक्त दात होते; बाकी मासा कोणी पाहिला नव्हता. १८५९ मध्ये थॉमस ओल्डहॅम या सर्वेक्षणाच्या प्रमुखाने मालेरीच्या दातांचे वर्णन केले आणि एकाच गावाच्या मातीतून सेराटोडसच्या तीन जाती काढल्या: हिस्लॉपियानस, हंटेरियानस आणि विरापा. तिसऱ्या नावात साहेब नाही, देशी माणूस आहे. त्या काळच्या शास्त्रीय नावांत हे क्वचित घडे, म्हणून इथे आवर्जून नोंदवतो.

तीन जाती कशाच्या आधारावर? दाताच्या आकारमानावर, कंगोऱ्यांच्या ठेवणीवर. आता माहीत आहे की या माशांच्या दंतपट्टांचा आकार वयानुसार, झिजेनुसार आणि जबड्यातल्या जागेनुसार बदलतो. वरचा, खालचा, पिल्लाचा, म्हाताऱ्याचा असे निरनिराळे दात निरनिराळ्या जातींच्या नावे मांडले गेले. ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ त्याच वर्षी प्रसिद्ध झाले, हा योगायोग मोठा बोलका आहे. एकाच जातीतल्या व्यक्तींमध्ये किती फरक असू शकतो हाच डार्विनच्या मांडणीचा पाया, आणि त्याच फरकाचा अंदाज नसल्याने मालेरीत जाती वाढत होत्या. पुढे त्या कमी करताना अभ्यासकांना बराच घाम गाळावा लागला.

दातांचा मालक कोण, याचा उलगडा १८७० मध्ये झाला, तोही पुन्हा एका चुकीच्या वाटेने. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या नदीत राहणारा एक मोठा मासा सिडनीच्या संग्रहालयाचा प्रमुख गेरार्ड क्रेफ्ट याच्यापुढे आला. तोंड उघडताच क्रेफ्टला अगासीचे सेराटोडस आठवले. ओळख अचूक होती, पण प्राण्याला फुप्फुस असल्याने त्याने तो प्रचंड उभयचर आहे असे जाहीर केले. पुढच्याच वर्षी आल्बर्ट ग्युंथरने तो मासाच आहे, फुप्फुसमासा आहे, असे सिद्ध केले. शार्क, मग उभयचर, मग फुप्फुसमासा, असा एका दाताचा प्रवास झाला. मासे आणि जमिनीवरचे चतुष्पाद यांच्या नात्याबद्दल तेव्हा जो वाद पेटला, त्यात हे फुप्फुसमासे मध्यभागी आले, आणि मालेरीचे दात त्या गटाच्या पुराव्यांत मोजले जाऊ लागले.

आता जबड्यांकडे वळू. इथे टॉमस हेन्री हक्सली येतो, आणि गोष्ट स्कॉटलंडमधल्या एल्गिन गावापासून सांगावी लागते. एल्गिनच्या वाळूखडकांत अगासीला १८४४ मध्ये काही खवले मिळाले होते. ते त्याने माशाचे ठरवले आणि प्राण्याला स्टॅगोनोलेपिस म्हटले. हे खडक माशांनी भरलेल्या डेव्होनियन खडकांना लागूनच होते, म्हणून तेही डेव्होनियनच मानले गेले. मग १८५१ मध्ये त्याच खडकांत सरड्यासारखा एक प्राणी मिळाला. चार्ल्स लायल तेव्हा सजीवांच्या क्रमिक प्रगतीच्या कल्पनेविरुद्ध झगडत होता. माशांच्या युगातच सरपटणारे प्राणी होते, याचा हा पुरावा त्याच्या हाती आयता आला. उत्क्रांतिवाद्यांसाठी मात्र ही मोठी अडचण होती, कारण क्रमच उलटा होत होता.

हक्सलीने १८५८-५९ मध्ये दोन गोष्टी दाखवल्या. स्टॅगोनोलेपिसचे ‘खवले’ माशाचे नसून सरीसृपाच्या अंगावरच्या हाडांच्या पट्ट्या आहेत. आणि त्याच खडकांत हायपरोडापेडॉन नावाचा एक चमत्कारिक प्राणी आहे, ज्याचे नातेवाईक ट्रायासिक खडकांत मिळतात. म्हणजे एल्गिनचा वाळूखडक डेव्होनियन नाही, कोट्यवधी वर्षांनी तरुण आहे. लायलचा पुरावा त्या क्षणी गेला. मर्चिसनसारख्या बड्या भूवैज्ञानिकाला हे पटायला बरीच वर्षे लागली, पण अखेर पटले. १८६९ च्या निबंधात हक्सलीने आणखी एक आधार दिला: भारतात मालेरीलाही तसेच जबडे मिळाले आहेत. स्कॉटलंड आणि निजामाचे राज्य एकाच काळाच्या जमिनीवर एकमेकांजवळ आले.

हे जबडे पाहिले की कोणीही थबकेल. वरच्या जबड्यावर बारीक दातांच्या ओळीच ओळी असतात, मध्ये एक खोल खाच, आणि खालच्या जबड्याची धार त्या खाचेत चपखल बसते. तोंडापुढे खाली वळलेल्या चोचीसारखी हाडे. चिवट वनस्पती कातरायला केलेली ही यंत्रणा आहे, असे आज आपण म्हणतो. हक्सलीची नजर मात्र चोचीवर आणि दातांच्या जडणघडणीवर गेली. न्यूझीलंडच्या ट्युआटारा या प्राण्याची ठेवणही काहीशी तशीच, आणि ट्युआटारा सरडा नाही हे ग्युंथरने १८६७ मध्येच दाखवले होते. हक्सलीने निष्कर्ष काढला की हायपरोडापेडॉन आणि ट्युआटारा हे जवळचे नातलग. ट्रायासिकपासून आजपर्यंत फारसे न बदललेला हा एक टिकाऊ नमुना. उत्क्रांती मान्य करूनही काही प्राणी युगानुयुगे जवळजवळ तसेच राहतात, हे हक्सलीचे आवडते मत होते, आणि हायपरोडापेडॉन त्याला अगदी सोयीचा होता.

हे नाते पाठ्यपुस्तकांत शंभर वर्षे टिकले. १९७० आणि ८० च्या दशकांत कवटीची हाडे आणि घोट्याची रचना नव्याने तपासल्यावर दिसले की ऱ्हिंकोसॉर गट, ज्यात हायपरोडापेडॉन येतो, मगरी-डायनोसॉर-पक्षी यांच्या मोठ्या शाखेच्या बाजूचा आहे. ट्युआटारा सरडे-सापांच्या बाजूचा. चोच दोघांकडे स्वतंत्रपणे आली. हक्सलीने काळ बरोबर ओळखला आणि नाते चुकवले. मला त्याच्या कामातली ही सर्वांत बोधक चूक वाटते, कारण ती निष्काळजीपणाची नव्हती. दिसण्यातले साम्य म्हणजे रक्ताचे नाते, असे मानण्याचा मोह त्या काळी जवळपास सर्वांनाच होता. दोन वेगळ्या वंशांना सारखी गरज पडली की सारखा अवयव घडू शकतो, हे सूत्र शब्दांत माहीत असूनही हाडे हातात घेतल्यावर सुटत असे.

तिसरे प्रकरण मगरींचे. याबद्दल मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण उत्क्रांतीची जीवाश्मांवरून मांडलेली जी एक सुरुवातीची सलग साखळी मानली जाते, तिच्याशी मालेरीचा थेट संबंध आहे. १८७५ मध्ये हक्सलीने मगरींच्या उत्क्रांतीवर निबंध लिहिला. आजच्या मगरीच्या नाकातून आत गेलेली हवा टाळूच्या वरून थेट घशाशी उतरते. त्यामुळे तोंडात शिकार आणि पाणी असतानाही मगर श्वास घेऊ शकते. ज्युरासिक काळातल्या मगरींत आतली नाकपुडी इतकी मागे नव्हती, मणक्यांचे सांधेही वेगळे होते. हक्सलीने तीन पायऱ्या मांडल्या. सर्वांत खाली ट्रायासिकचे पॅरासुकिया, मग मेसोसुकिया, मग आजच्या मगरींचे युसुकिया. आतली नाकपुडी पायरीपायरीने मागे सरकत गेलेली दिसते. डार्विनच्या समर्थकांना हवा होता तसा, काळानुसार बदलत जाणारा अवयव हाडांत पाहायला मिळाला.

पॅरासुकिया हे नाव आले पॅरासुकस या प्राण्यावरून, आणि पॅरासुकस मालेरीचा. हक्सलीने १८७० च्या सुमारास हे नाव वापरले, पण रीतसर वर्णन केलेच नाही. ते काम पंधरा वर्षांनी रिचर्ड लायडेकरने केले. लायडेकर १८७४ मध्ये सर्वेक्षणात आला होता आणि १८८२ मध्ये भारत सोडून परत गेला होता. मालेरीच्या सरीसृपांवरचा त्याचा ग्रंथ १८८५ मध्ये निघाला, आणि त्यात हिस्लॉपच्या स्मरणार्थ पॅरासुकस हिस्लॉपी अशी जात नोंदली गेली. आधारभूत नमुने होते लांब मुस्कटाचा तुकडा, कवटीच्या मागच्या भागाचे हाड, पाठीवरच्या पट्ट्या आणि दात. लायडेकर मालेरीत खोदत नव्हता. वेगवेगळ्या वेळी उचलून आणलेले, पेट्यांत साठलेले तुकडे त्याच्यापुढे टेबलावर होते.

जवळजवळ नव्वद वर्षांनी लक्षात आले की कवटीच्या मागचे ते हाड पॅरासुकसचे नाहीच. ते हायपरोडापेडॉनचे आहे. म्हणजे मगरीच्या पूर्वजाचे डोके अर्धे एका मांसभक्षकाचे आणि अर्धे एका वनस्पती खाणाऱ्याचे होते. मालेरीच्या लाल मातीत दोन्ही प्राण्यांची हाडे शेजारी-शेजारी पडलेली सापडतात. पावसाने माती धुपली की ओघळांच्या काठाला उघडी होतात. जो उचलेल त्याने नेमकी जागा लिहून ठेवली नाही, तर नंतर कोणीही सांगू शकत नाही की दोन तुकडे एका देहाचे की दोन देहांचे. पॅरासुकसच्या बाबतीत नेमके हेच घडले.

दुसरी चूक त्याहून मोठी. पॅरासुकस ज्या फायटोसॉर गटातला आहे, तो मगरींचा पूर्वज नाही. मगरीची बाहेरची नाकपुडी मुस्कटाच्या टोकाला असते, फायटोसॉरची डोळ्यांजवळ, कवटीच्या माथ्यावर. पाण्यात दबा धरून बसण्याची गरज दोघांनी दोन वेगळ्या मार्गांनी भागवली. स्टॅगोनोलेपिस, जो हक्सलीच्या पहिल्या पायरीवर पॅरासुकसच्या शेजारी बसला होता, तो तर पाठीवर चिलखत असलेल्या एटोसॉर गटातला. मगरींच्या मोठ्या शाखेतला, पण बाजूच्या फांदीवरचा. हक्सलीच्या तीन पायऱ्यांपैकी वरच्या दोन मोठ्या प्रमाणात टिकल्या. टाळूचा इतिहास त्याने खरोखरच बरोबर वाचला होता. तळाची पायरी गेली, आणि तळाच्याच पायरीला नाव मालेरीचे होते.

हाडांची सरमिसळ झाली तशी थरांचीही झाली. विल्यम किंगने १८८१ मध्ये प्राणहिता-गोदावरी खोऱ्याचे मोठे सर्वेक्षण प्रसिद्ध केले, आणि ‘कोटा-मालेरी’ असा एकत्र गट रूढ झाला. आता एकाच गटात ज्युरासिक मासे आणि ट्रायासिक सरीसृप एकत्र नांदू लागले. यावरून विल्यम ब्लॅनफर्डने १८८४ मध्ये, मॉन्ट्रियलच्या ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात भूविज्ञान विभागाच्या अध्यक्षपदावरून, एक तात्त्विक मुद्दा उभा केला. युरोपात एका काळातले मानले जाणारे जीव भारतात दुसऱ्या काळात जगत असतील. जीवाश्मांच्या साम्यावरून काळाचे साम्य धरणे धोक्याचे आहे. हक्सलीनेही १८६२ मध्ये हीच शंका मांडली होती. तत्त्व म्हणून मुद्दा खराच आहे आणि आजही शिकवला जातो. पण ब्लॅनफर्डने दाखवलेल्या उदाहरणांपैकी कोटा-मालेरीचे उदाहरण खरे नव्हते. तिथे दोन वेगळे थर होते, एकावर एक, आणि मध्ये लाखो नव्हे, कोट्यवधी वर्षांचे अंतर. चुकीच्या पुराव्यातून बरोबर तत्त्व निघाले, असे विज्ञानात वारंवार घडते, आणि त्यामुळे चूक अधिक काळ लपून राहते.

याच सुमारास हिंदी महासागरावर लेमुरिया नावाचा एक खंडच तरंगू लागला होता. फिलिप स्क्लेटरने १८६४ मध्ये मादागास्कर आणि भारतातल्या लेमूरवर्गीय प्राण्यांचे नाते समजावण्यासाठी तो कल्पिला. हेन्री ब्लॅनफर्डने १८७५ मध्ये भारत आणि आफ्रिकेच्या वनस्पतींच्या जीवाश्मांवरून अशाच भूमीची गरज मांडली. अर्न्स्ट हेकेल मात्र पुरता वाहवत गेला आणि मानवजातीचे मूळ तिथेच असल्याचा नकाशा काढला. पुढे काय झाले? एकीकडे १८७२ मध्ये मेडलिकॉटने मध्य भारतातल्या खडकांना दिलेले गोंडवन हे नाव घेऊन एडवर्ड स्यूसने दक्षिणेच्या महाखंडाची कल्पना मांडली, आणि वेगेनरनंतर कळले की मधली जमीन बुडालीच नव्हती. भूखंडच सरकले होते. दुसरीकडे हेकेलच्या भाकितामुळे आणि लायडेकरने पंजाबच्या शिवालिकातून वर्णन केलेल्या वानराच्या जबड्यामुळे युजेन दुबॉयला वाटले की माणसाचा पूर्वज आशियात शोधावा. तो जावाला गेला आणि १८९१ मध्ये त्याला तो खरोखरच मिळाला. माणूस मुळात आफ्रिकेतला, हे नंतर सिद्ध झाले. २००५ मध्ये हैदराबादच्याच पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रात लालजी सिंग, के. थंगराज आणि सहकाऱ्यांनी अंदमानच्या आदिवासींच्या मातृवंशीय डीएनएवरून दाखवले की त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून निघालेल्या अगदी सुरुवातीच्या लाटेतले आहेत आणि पन्नास ते सत्तर हजार वर्षे वेगळे राहिले आहेत. हेकेलच्या नकाशाला याहून स्वच्छ उत्तर देता येणार नाही.

बाहेरच्या जगातली प्रसिद्ध उदाहरणे थोडक्यात सांगतो. १८६८ मध्ये हक्सलीने समुद्रतळाच्या चिखलात बॅथिबियस नावाचा आदिम जीवद्रव पाहिला. चॅलेंजर जहाजावरच्या बुखनन या रसायनतज्ज्ञाने १८७५ मध्ये दाखवले की तो अल्कोहोलमध्ये खारे पाणी मिसळल्याने बसलेला कॅल्शियम सल्फेटचा साका आहे. हक्सलीने चूक जाहीरपणे मान्य केली. कॅनडाच्या अतिप्राचीन खडकातले इओझून १८६४-६५ मध्ये पृथ्वीवरचा पहिला जीव म्हणून गाजले, डार्विनने त्याचा उल्लेख आपल्या ग्रंथाच्या चौथ्या आवृत्तीत केला, आणि पुढे ते निव्वळ खनिज ठरले. ही उदाहरणे आकर्षक आहेत, पण ती प्रयोगशाळेत तपासता येत होती. मालेरीची चूक प्रयोगशाळेत सुटणारी नव्हती. त्यासाठी परत मालेरीलाच जावे लागणार होते.

ते जाणे १९५७-५८ नंतर सुरू झाले. कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचे प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी लंडनच्या पामेला रॉबिन्सन यांना बोलावले. संख्याशास्त्राच्या संस्थेत जीवाश्मांचा विभाग कशाला, असे अनेकांना वाटले असेल; पण मोजमाप, नोंद आणि नमुन्याची नेमकी जागा या तीन गोष्टींचा आग्रह त्या संस्थेच्या रक्तातच होता, आणि या खोऱ्याला शंभर वर्षे त्याच तीन गोष्टींची उणीव होती. एस. एल. जैन, टी. एस. कुट्टी, तपन रॉयचौधुरी, शंकर चॅटर्जी ही तरुण मंडळी उन्हातान्हात हे खोरे पायी फिरली. सिरोंचा तालुक्यातल्या पोचमपल्लीला त्यांना मोठ्या डायनोसॉरची हाडे मिळाली. १९६१ हे रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीचे वर्ष म्हणून त्याचे नाव बारापासॉरस टागोराय ठेवले गेले. पण माझ्या मते त्यांचे त्याहून मोठे काम म्हणजे थरांची फोड. कुट्टी यांनी १९६९ मध्ये येर्रापल्ली, भीमारम, मालेरी, धर्मारम आणि कोटा असे थर खालून वर स्वतंत्र दाखवले. विल्यम ब्लॅनफर्डचे कोडे तिथे संपले. कोट्याचा मासा आणि मालेरीचा जबडा एकमेकांचे समकालीन कधीच नव्हते.

पॅरासुकसचेही तसेच. चॅटर्जी यांना मालेरीच्या खडकात दोन जवळजवळ पूर्ण सांगाडे मिळाले, शेजारी-शेजारी, हाडे जागच्या जागी जोडलेली. १९७८ मध्ये त्यांनी वर्णन प्रसिद्ध केले. कवटी आता एकाच देहाची होती, नाकपुड्या डोळ्यांपाशी स्पष्ट दिसत होत्या, लायडेकरच्या तुकड्यांतला कोणता कोणाचा हे लावून पाहता आले. आणि त्या दोन देहांच्या पोटाच्या जागी एका लहान, सडपातळ सरीसृपाची हाडे होती, मरणापूर्वी गिळलेल्या शिकारीची. तो प्राणीही विज्ञानाला नवा निघाला. चॅटर्जी यांनी त्याला रॉबिन्सन यांच्या सन्मानार्थ मालेरीसॉरस रॉबिन्सनी म्हटले. बावीस-तेवीस कोटी वर्षांपूर्वी कोणी कोणाला खाल्ले हे इतक्या थेटपणे सांगणारे जीवाश्म जगातही थोडे आहेत. पुढे प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने लायडेकरच्या मिश्र तुकड्यांऐवजी यांतलाच एक सांगाडा पॅरासुकस हिस्लॉपीचा आधार म्हणून २००३ मध्ये मान्य केला. नाव हिस्लॉपचे राहिले, देह खरा मिळाला.

इतके होऊनही चुका थांबल्या असे नाही. १९८७ मध्ये याच मालेरी खडकांतून चॅटर्जी यांनीच एका छोट्या, आरंभीच्या डायनोसॉरचे वर्णन केले; आज तो अलवॉकेरिया म्हणून ओळखला जातो. २००५ मध्ये पुन्हा तपासणी झाली, तेव्हा दिसले की मांडीचे आणि घोट्याचे हाड डायनोसॉरचे आहे, पण बाकीची बरीच हाडे इतर प्राण्यांची असावीत. शंभर वर्षांपूर्वी लायडेकर जिथे घसरला, तिथेच त्याची चूक उघड करणाऱ्या अनुभवी संशोधकाचाही पाय घसरला, आणि मालेरीची माती किती फसवी आहे हे यावरून समजावे. मालेरीसॉरसचे वर्गीकरणही अलीकडे बदलले आहे. मालेरीबाहेरही असे घडते. मध्य प्रदेशात भीमबेटकाच्या गुहेच्या छतावर २०२० मध्ये ५५ कोटी वर्षांपूर्वीच्या डिकिन्सोनिया या आदिम जीवाचा ठसा सापडल्याची बातमी जगभर गेली. २०२३ मध्ये दुसऱ्या चमूने जवळून पाहिले, तर ते आग्या मोहळाच्या पोळ्याचे अवशेष निघाले. मूळ शोधकर्त्यांनी ते मान्य केले, हे त्यांना भूषणावह आहे.

चुकांची ही मालिका दाखवून उत्क्रांतिवादालाच खोटे ठरवण्याचा उद्योग काही लोक करतात. त्यांना एवढेच विचारावे की या चुका कोणी शोधल्या. हायपरोडापेडॉनचे नाते, पॅरासुकसचे डोके, कोटा-मालेरीची जोडी, इओझून, बॅथिबियस, सगळे त्याच क्षेत्रातल्या माणसांनी, त्याच खडकांकडे परत जाऊन दुरुस्त केले. शिवाय दुरुस्त झाल्यावर वंशवृक्ष मोडला नाही, फांद्यांची जागा बदलली. ट्युआटारा ऱ्हिंकोसॉरपासून दूर गेला आणि सरड्यांजवळ आला. डीएनएच्या पुराव्याने ते नंतर पक्केही झाले.

खरा धोका पुढे आहे आणि तो आपल्या हातात आहे. सिरोंच्याच्या वडधम परिसरात जीवाश्म उद्यान आहे. पण सिरोंचा, आसिफाबाद, मंचेरियलच्या शेतांत, ओढ्यांत, रस्त्यांच्या खोदकामात निघणारी हाडे आणि झाडांचे दगड कुंपणाबाहेरच आहेत. कोणी घरी शोभेला नेतो, कोणी शाळेच्या कपाटात ठेवतो, कोणी विकतो. एकदा जागेवरून उचलला की तो तुकडा लायडेकरच्या टेबलावर येऊन पडतो: कोणत्या थराचा, कोणाच्या शेजारी होता, हे कोणालाच सांगता येत नाही. तेव्हा गडचिरोली आणि तेलंगणाच्या सीमेवर राहणाऱ्या, शिकवणाऱ्या, शेती किंवा ठेकेदारी करणाऱ्या वाचकांना माझी विनंती आहे. दगडात हाड दिसले तर हात लावू नका. मोजपट्टी किंवा पेन शेजारी ठेवून फोटो काढा, गावाचे आणि ओढ्याचे नाव, गट क्रमांक लिहा, मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश नोंदवा, आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या हैदराबाद किंवा नागपूर कार्यालयाला कळवा.